बाई, आपले पैसे कुठं गेले?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. नात कॉलेजातून आली ती भिजलेली छत्री दारात टाकून थेट माझ्याकडेच. अकरावीत आहे, यंदा एनएसएस घेतलंय. म्हणाली, "आजी, नाशिकमधली एखादी चांगली संस्था सांग ना. आम्हा पाच जणींना मिळून एक निवडायचीय. वर्षभर तिथं काम करायचं आणि जमेल तेवढे पैसेही गोळा करून द्यायचे. उद्या नाव द्यायचंय, पटकन सांग."

संस्थांची नावं मला काय कमी माहीत आहेत? सारा जन्म नाशकात गेला. घारपुरे घाटावरचा आधाराश्रम आहे, रजनीताई लिमये यांनी १९७७ साली मतिमंद मुलांसाठी सुरू केलेली प्रबोधिनी आहे, आणखीही कितीतरी आहेत. तोंडावर दोन-तीन नावं आलीसुद्धा. पण मी गप्प बसले. कारण 'पटकन' हा शब्द ऐकला आणि मला एकदम १९९३ सालचा माझा आठवीचा वर्ग आठवला. ती गोष्ट मी आजवर घरातही फारशी कुणाला सांगितलेली नाही. सांगते, पण जरा दमाने. आधी थोडा इतिहास. शेवटी इतिहासाची बाई मी, सवय जायची नाही!

आपल्याकडे विद्यार्थी आणि दान यांचं नातं फार जुनं आहे, पण ते उलट्या बाजूचं होतं. विद्यार्थी देणारा नव्हता, घेणारा होता. माधुकरी मागून आणि वार लावून जेवत शिकलेल्या मुलांच्या हकीकती आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. त्यात लाचारी होतीच, पण एक गोष्ट चांगली होती. देणाऱ्या बाईला घेणारा पोरगा समोर दिसायचा. तो अभ्यास करतो की उनाडक्या, हे तिला कळायचं. हिशेब मागायची वेळच येत नसे.

मात्र हे अन्न कुणाच्या ताटात पडत होतं? माधुकरीची ती झोळी ठरावीक जातीच्या मुलांच्याच खांद्यावर होती. कुणब्याच्या, माळ्याच्या पोराला कोण वार देणार? आणि महाराच्या पोराला तर त्या ओसरीवर पायही ठेवता येत नव्हता. म्हणून पुढे संस्था काढाव्या लागल्या. आणि संस्था आली की देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये तिसरा माणूस येतो. तो कसा आहे हे तपासायचा प्रश्न तिथून सुरू झाला.

महर्षी कर्व्यांचं उदाहरण मी वर्गात नेहमी द्यायची. १८९३ साली अण्णांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं आणि मुरूडच्या त्यांच्याच गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकलं. तीनच वर्षांनी, १८९६ साली, त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, पुढे तो हिंगण्याला गेला. आता विचार करा, त्या काळात या आश्रमाला दोन रुपये देणं म्हणजे नुसतं पुण्य नव्हतं. शेजारपाजारी कळलं तर बोलणी खावी लागणार होती. वर्गणी देणं म्हणजे आपण कुठल्या बाजूला उभे आहोत हे सांगणं होतं. गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले याच आश्रमासाठी दारोदार फिरल्या आणि १९१८ साली, इंग्रजी धड येत नसताना, थेट अमेरिकेला गेल्या. लोक अशा माणसांना देत होते ते त्यांचं बोलणं ऐकून नाही, तर त्यांचं जगणं बघून. १९३६ साली अण्णांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, आणि तरीही छोट्या छोट्या वर्गण्यांसाठी पायी हिंडत होते. मी आता त्याच वयाच्या जवळ आलेय, आणि मला भाजी आणायलाही रिक्षा लागते. असो.

दुसरं उदाहरण पैसा फंडाचं. हल्लीच्या मुलांना हे नावही माहीत नसतं. अंताजी दामोदर काळे नावाचे एक गृहस्थ होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. देशातल्या प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यावा, त्यातून स्वदेशी धंदे उभे राहतील. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे होते, म्हणजे मागणी किती लहान बघा! टिळकांचं पाठबळ मिळालं आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे इथं पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. तिथं शिकून तयार झालेले कारागीर पुढे देशभरातल्या काच कारखान्यांत गेले. मला या गोष्टीतली एक खुबी फार आवडते. पैसा देणाऱ्याला आपला पैसा कुठं गेला ते बघता येत होतं. तळेगावला उतरायचं, भट्टी बघायची. पैसा लहान असला तरी त्याचं काय झालं ते विचारायचा हक्क लहान नव्हता.

आता आपल्या नाशिककडे येऊ. १९१४ साली इथं मराठा विद्या प्रसारक समाज सुरू झाला. रावसाहेब थोरात, गणपतदादा मोरे, काकासाहेब वाघ, भाऊसाहेब हिरे अशी मंडळी त्यात होती. खेड्यातला मुलगा शिकायला शहरात आला तर राहणार कुठं, हा खरा प्रश्न होता, म्हणून बोर्डिंग हवं होतं. १९२० साली शाहू महाराज स्वतः नाशिकला आले आणि उदाजी मराठा वसतिगृहाच्या इमारतीची कोनशिला त्यांच्या हस्ते बसली. तिकडे साताऱ्याच्या बाजूला भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या बोर्डिंगात सगळ्या जातीधर्मांची मुलं एका पंक्तीला जेवत. घरोघरी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचं आणि ते बोर्डिंगसाठी गोळा व्हायचं, याला मुष्टिफंड म्हणत. तेही पुरेना तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा राहिलं नाही. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह काढलं तेही याच गरजेतून.

ही बोर्डिंगं शिकवताना मी मुलांना एक प्रश्न हमखास विचारायची. या पंक्तीला कोण बसलंय आणि कोण बसलेलं नाही? काही वसतिगृहं एकाच जातीची होती, काही सगळ्यांची. जातवार वसतिगृहांनी त्या काळी मोठं काम केलं हे खरंच, कारण त्या मुलांना दुसरं दारच उघडं नव्हतं. पण साताऱ्याची पंक्ती पाहिली की पुढचं पाऊल कोणतं हेही कळतं. ज्या नाशकात १९३० साली काळाराम मंदिरात जायला माणसांना सत्याग्रह करावा लागला, त्या नाशकात तरी 'सर्वांसाठी खुले' ही पाटी वाचून थांबू नये, आत जाऊन बघावं, असं मला वाटतं.

पैशांबद्दल झालं, पण श्रमाचं काय? अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळत होते. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त असल्या तर गुरुजी न बोलता स्वतः आवरून ठेवायचे. ते बघून मुलंच लाजून आवरायला लागली. सेवेवर त्यांनी व्याख्यान दिलं असतं तर एवढा परिणाम झाला नसता. १९३० साली त्यांनी ती नोकरी सोडली आणि ते सत्याग्रहात उतरले, आणि १९३३ साली आपल्या नाशिकच्याच तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली, हे तुम्हाला माहीत असेलच. पुढे १९४१ नंतर राष्ट्र सेवा दलाच्या शाखांतून हजारो मुलामुलींच्या हातात झाडू आणि कुदळ आली.

मग बाबा आमटे. १९६७ पासून चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला दर उन्हाळ्यात श्रमसंस्कार छावणी भरू लागली. मे महिन्यातलं तिकडचं ऊन, आणि त्यात शहरातली कॉलेजची पोरं माती उपसताहेत! बाबांना दयेची फार चीड होती. कुष्ठरोगी माणसाला भीक नको, काम हवं, हे त्यांनी आनंदवनात करून दाखवलं होतं. छावणीला गेलेल्या मुलांना तिथं कळायचं की आपण कुणाचा उद्धार करायला आलेलो नाही, आपल्यापेक्षा ही माणसं जास्त राबतात. दोनच वर्षांनी, १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने सरकारने राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी, अशी सुरुवात होती. तीच ही माझ्या नातीची एनएसएस.

इथपर्यंतचा इतिहास सुंदर आहे. आता माझा.

आम्ही शाळेत शिकत होतो तेव्हा आणि मी शिकवायला लागले तेव्हाही, शाळेत दान यायचं ते वरून. ध्वजदिनाचा डबा यायचा, क्षयरोग निवारणाची तिकिटं यायची, कुणाच्या तरी मदतीची कुपनं यायची. एका वर्गाने इतकी खपवायची असा आकडा ठरलेला. १९६२ साली चीनचं युद्ध झालं तेव्हा मी बारा वर्षांची होते. आम्ही डबे घेऊन गल्लीत फिरलो होतो, बायकांनी बांगड्या दिलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्यात. तो उत्साह खोटा नव्हता. पण कुणाला द्यायचं, किती द्यायचं, का द्यायचं हे आम्ही कधीच ठरवलं नाही. पुढे शिक्षिका झाल्यावर मीही तेच केलं. "उद्या प्रत्येकाने दोन रुपये आणा" असं सांगायचं. जो आणणार नाही त्याचं नाव फळ्यावर. हो, फळ्यावर नावं लिहायची मी. आज लिहितानाही लाज वाटते. ज्याच्या घरी दोन रुपये नव्हते त्या मुलाचं त्या फळ्याकडे बघून काय झालं असेल?

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची ती पहाट. किल्लारीला भूकंप झाला, लातूर-उस्मानाबादकडची गावंच्या गावं भुईसपाट झाली. हजारो माणसं झोपेत गेली. सगळा महाराष्ट्र हेलावला होता. माझ्या आठवीच्या वर्गाने सांगायच्या आधीच डबा केला. खाऊचे पैसे, बसचे पैसे वाचवून पायी येणारी पोरं, एकीने तर वाढदिवसाला मिळालेली पन्नासाची नोट टाकली. अकराशे आणि वर काही रुपये जमले. कपड्यांची तीन गाठोडी झाली. गावातल्या एका मदत समितीची माणसं आली, डबा आणि गाठोडी घेऊन गेली. पावती मागायची माझ्या डोक्यातही आलं नाही. चांगल्या कामाची कसली पावती?

दिवाळीची सुट्टी संपल्यावर एक मुलगा उभा राहिला. अभ्यासात मधला, एरवी तोंडातून शब्द न काढणारा. म्हणाला, "बाई, आपले पैसे कुठं गेले?" त्याच्या वडिलांनी आमच्या गाठोड्यातला त्याचा स्वेटर जुन्या बाजारात विकायला ठेवलेला पाहिला होता. आईने विणलेला, ओळखू येणारा.

मी काय म्हणाले सांगू? "दान दिलं की मागे वळून विचारायचं नसतं. बस खाली." वर्ग हसला. तो बसला.

मी नंतर त्या समितीच्या एकाला भेटून विचारलं, नाही असं नाही. "बाई, सगळं व्यवस्थित पोचलं" एवढंच उत्तर मिळालं. कदाचित पोचलं असेलही. कपड्यांचे तिकडे ढीग पडले होते असं सगळेच सांगत होते, नको असलेलं वाटेत विकलं गेलं असेल. पण मला ते मुलाला नीट सांगता आलं नाही आणि मी सांगायचा प्रयत्नही केला नाही.

काही वर्षांपूर्वी तो मला रविवार कारंजावर भेटला. चाळिशीचा गृहस्थ, स्वतःचं दुकान. वाकून नमस्कार केला, चहा पाजला. बोलता बोलता हसत म्हणाला, "बाई, आठवीत तुम्ही मला खाली बसवलंत ना, त्यानंतर मी कुणालाच काही दिलं नाही. गणपतीची वर्गणी तेवढी, तीही पोरं दारात उभी राहतात म्हणून." त्याने रागाने सांगितलं नाही. ते मला जास्त लागलं.

आणि त्याच किल्लारीची दुसरी बाजू बघा. शांतीलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली बाराशे मुलं पुण्याला आणली आणि वाघोलीला त्यांच्या राहण्या-शिकण्याची वर्षानुवर्षं सोय केली. आमचं दान आठ दिवसांचं होतं, ते काम मुलं मोठी होईपर्यंतचं होतं. भूकंपाची बातमी वर्तमानपत्रातून गेल्यानंतर कोण तिथं उरलं, हा प्रश्न मी तेव्हा वर्गाला विचारला असता तर तो इतिहासाचा केवढा मोठा धडा झाला असता.

हल्ली निवडायला मदत करणारे लोकही आहेत, हे चांगलं झालंय. पुण्यात २००५ साली वीणा गोखले आणि त्यांचे पती दिलीप यांनी 'देणे समाजाचे' हे प्रदर्शन सुरू केलं. पितृपक्षात भरतं. आपल्याकडे एरवी पितृपक्षात कुणी काही नवं करत नाही! तिथं वेगवेगळ्या संस्थांची माणसं स्वतः येऊन बसतात, आपण त्यांच्याशी समोरासमोर बोलायचं. 'लोकसत्ता'ने २०११ पासून गणेशोत्सवात 'सर्वकार्येषु सर्वदा' हा उपक्रम चालवला. दरवर्षी दहा संस्थांची ओळख करून द्यायची आणि वाचकांनी धनादेश थेट त्या संस्थेच्या नावाने पाठवायचा. माधुकरीत देणाऱ्या बाईला समोरचा पोरगा दिसायचा ना, तसंच काहीसं हे आहे. मधलं अंतर कमी करायचं.

तर नातीला मी नाव सांगितलं नाही. ही सगळी गोष्ट सांगितली, स्वेटरसकट. ती गप्पच झाली. मग म्हणाली, "मग आम्ही काय विचारायचं?" आम्ही दोघींनी बसून तिच्या वहीत प्रश्न लिहिले. संस्था कुणासाठी आहे आणि पंक्तीला कोण नाही? धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का, गेल्या वर्षीचा हिशेब दाखवतात का? (१९५० च्या कायद्याने सार्वजनिक न्यासांना हिशेब ठेवावेच लागतात, तो मागण्यात उद्धटपणा नाही.) पावती देतात का? चालवणारी माणसं किती वर्षं तिथं आहेत? आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा, तुम्हाला खरंच काय हवंय?

कॉलेजच्या बाईंकडून पंधरा दिवसांची मुदत मागून पाचही जणी तीन ठिकाणी जाऊन आल्या. एका ठिकाणी हिशेब विचारल्यावर गृहस्थ चिडले, "एवढ्याशा पोरी आम्हाला विचारणार?" वहीत त्या नावापुढे फुली पडली. दुसऱ्या ठिकाणी सगळं छान होतं, पण देणाऱ्यांची रीघच होती. तिसरं ठिकाण म्हणजे एक लहानसं बालगृह. तिथं मुलींनी पहिल्यांदा मोबाइल काढला तर तिथल्या ताईंनी हळूच खाली करायला लावला. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने अशा मुलांची ओळख उघड करता येत नाही. पोरी हिरमुसल्या, कारण प्रोजेक्टला फोटो हवे होते! पण शेवटचा प्रश्न विचारल्यावर त्या ताई म्हणाल्या, "वाढदिवसाला आणि पंधरा ऑगस्टला इथं केक आणि मिठाई ठेवायला जागा नसते. मंगळवारी दुपारी अपूर्णांक शिकवायला मात्र कुणी येत नाही."

त्या मंगळवारपासून जातात. एका मुलीने दिवाळीनंतर सोडलं, आईने नको म्हटलं. चौघी अजून जातात. महिन्याला प्रत्येकी पन्नास रुपये देतात, ते खाऊचे वाचवून, आणि त्यांची पावती नात माझ्याच टेबलाच्या खणात ठेवते. अपूर्णांक अजून सगळ्यांना आलेले नाहीत असं कळतं. येतील.

मी त्या माझ्या विद्यार्थ्याला फोन केला. नंबर होता, धीर नव्हता. म्हटलं, "तू विचारलेला प्रश्न बरोबर होता रे. चुकलं माझं. मी तुला खाली बसवायला नको होतं." पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "बाई, तुम्ही हे एवढ्या वर्षांनी कशाला मनावर घेताय?" आणि थोड्या वेळाने, "त्या बालगृहाचा हिशेब पाहिलाय का तुमच्या नातीनं?"

म्हटलं, पाहिलाय. वहीच पाठवते तुझ्याकडे. तूही जाऊन बघ आणि मगच ठरव.

अजून तो गेलेला नाही. वही मात्र परत आलेली नाही, म्हणजे वाचत असावा.

तुमच्या घरातली मुलं कुणाला काही देतात का? आणि देताना विचारतात का? वेळ मिळाला की मला जरूर कळवा.